उटणं, स्नो आणि बडोद्याचं ऊन
दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात देवाच्या गंधाची सहाण वेगळी आणि दिवाळीच्या आंबेहळदीची वेगळी. दुधाचे थेंब टाकत आजी हळद उगाळायची, त्यात मसुरीचं पीठ, नागरमोथा, वाळा कालवायची. "आधी तेल जिरू दे गं, मग उटणं," हे दरवर्षीचं बजावणं. तारुण्य टिकवायचा विचार त्यात नव्हता. थंडीत अंग फुटू नये, एवढंच. तिळाचं तेल त्वचेतलं पाणी उडू देत नाही, म्हणून त्याचा मान पहिला.

कोल्ड क्रीममागची युक्तीही तीच. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या नावावर मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं मलम सांगतात. त्यातलं पाणी उडताना गार वाटतं, त्यावरून हे नाव. पुढे अजिबात तेलकट न वाटणारी, स्नो नावाची क्रीम निघाली. पाटणवालांची अफगाण स्नो मुंबईत १९१९ साली आली. बडोद्याला कारखान्यातल्या बाटलीबंद मालाचं अप्रूप तोवर उरलं नव्हतं: सयाजीरावांच्या काळात रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांचं कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, १८९० मध्ये उभं राहिलं आणि १९०७ मध्ये इथंच अलेम्बिक या औषध कंपनीची सुरुवात झाली.

मग एक घोटाळा झाला, आणि तो मला आजही बोचतो. 'तरुण' आणि 'गोरी' हे एकच होऊन बसलं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आली. नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. माझ्या एका मावसबहिणीला दुकानदारानं चिठ्ठीशिवाय एक 'उजळवणारी' ट्यूब दिली होती. महिनाभर चेहरा चकाकला, मग कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. अशी मलमं सरकारनं २०१८ मध्ये चिठ्ठीवरच्या औषधांत घातली. तिच्यासाठी फार उशिरा.

सुरकुत्यांवर खरं काम करणारं औषध मुरुमांच्या वाटेनं आलं. अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन हे 'अ' जीवनसत्त्वापासूनचं औषध वापरत होते. उन्हानं जून झालेली त्वचाही त्यानं सुधारते, असं त्यांच्या गटानं १९८६ मध्ये मांडलं. याच क्लिगमननी त्याआधी कित्येक वर्षं तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले होते. त्याच कुळातल्या रेटिनॉलच्या आजच्या बाटल्यांमागे तोही इतिहास आहे, तो झाकू नये. ट्रेटिनॉइन गरोदरपणात चालत नाही, हेही दुकानात क्वचितच कुणी सांगतं.

पण त्या शोधातला 'उन्हानं' हा शब्द बडोदेकरांनी कान देऊन ऐकावा. कर्कवृत्त आपल्या थोडं उत्तरेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा नेमका आपल्या डोक्यावर येतो. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते, ते लगेच कळतं. यूव्हीए ढगांतून, काचेतूनही आत शिरून त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजेन झिजवतात, ते वीस वर्षांनी कळतं. सनस्क्रीनवरचा नुसता एसपीएफचा (संरक्षणाचा) आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, तेव्हा डबीवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे दोन्ही किरणांपासून बचाव, असं आहे का ते बघावं. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम लागतं, वाटाण्याएवढ्यानं भागत नाही.

आजी ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा मी तिच्या हाताला तेल लावत असे. मनगटापासून खाली कातडी सुरकुतलेली, काळ्या डागांची. लुगड्याच्या चोळीची बाही वर सरकवली, की दंडाची आतली बाजू मात्र माझ्या दंडासारखीच नितळ होती.