'प्लगइन टाका' हा सल्ला कधी जुना झाला?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सेवा केंद्रांत आणि ठेकेदारांच्या ऑफिसांत वेबपान अडलं की पहिला सल्ला मिळतो तो 'प्लगइन टाका' हाच. 2014 पर्यंत तो बरोबर होता.

नव्वदीच्या दशकात नेटस्केपसोबत एनपीएपीआय आलं आणि एक्सप्लोररसोबत अ‍ॅक्टिव्हएक्स. पद्धती दोन, काम एकच: बाहेरचा प्रोग्रॅम ब्राउझरच्या आत चालवायचा. फ्लॅश आणि जावा याच वाटेने आले. त्या काळी मराठी पानाचा एक फॉन्ट, कन्नड पानाचा दुसरा, आणि दोन्ही नसले की पडद्यावर निव्वळ रोमन कचरा. सीमाभागात हे दुखणं दुप्पट होतं, पण तो प्लगइनचा दोष नव्हता, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेतपद्धत) नसल्याचा होता.

खरी कटकट जानेवारी 2014 ला सुरू झाली. जावा 7 च्या अपडेट 51 ने बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेले अ‍ॅप्लेट, म्हणजे पानात चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम, अडवले. निविदेच्या पोर्टलवर डीएससीने (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राने) सही करायची तर जावा कंट्रोल पॅनेलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये पत्ता घालावा लागे. तिथे एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी टाकलं की सगळी खटपट वाया. शिवाय 32-बिट ब्राउझरला 64-बिट जावा दिसत नसे, त्यामुळे जावा असूनही 'जावा नाही' असा निरोप येई. मग क्रोमने एप्रिल 2015 मध्ये एनपीएपीआय बंद करून ठेवलं आणि सप्टेंबरमध्ये काढूनच टाकलं. मार्च 2017 मध्ये फायरफॉक्स 52 ने फ्लॅश सोडून बाकीच्यांना दार लावलं. फ्लॅश 2020 अखेर संपला. 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेयरच मजकूर चालवायला नकार देतो, म्हणून तो पुन्हा टाकून काही होत नाही.

प्लगइन गेले, शब्द मात्र राहिला, आणि खरा घोळ इथे आहे. जाहिराती अडवणारं एक्सटेन्शन, ब्राउझरच्या आत चालणारं जुनं जावा आणि डीएससीच्या यूएसबी टोकनसाठी विंडोजमध्ये वेगळं चालणारं हेल्पर सॉफ्टवेअर, या तिघांनाही दुकानात 'प्लगइन'च म्हणतात. फायरफॉक्सने तर गोंधळात भर घातली. त्याच्या अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर 'प्लगइन्स' हा विभाग अजून आहे, पण आत व्हिडिओ कॉलसाठीचं ओपनएच264 आणि संरक्षित चित्रपटांसाठीचं वाइडव्हाइन एवढंच सापडतं. जावा किंवा टोकनशी त्यांचा काही संबंध नाही. हे नाव कधीच बदलायला हवं होतं. चित्रपट चालत नसेल तर सेटिंग्जच्या जनरलमध्ये डीआरएमची (नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची) चौकट तपासावी. आवाज असलेला व्हिडिओ आपोआप सुरू होत नसेल तर तो बिघाड नव्हे: क्रोमने एप्रिल 2018 पासून आणि फायरफॉक्सने मार्च 2019 पासून तो मुद्दाम अडवला आहे.

सहीचं काम आता बरेचदा हेल्परकडे असतं. तो 127.0.0.1 या, म्हणजे आपल्याच संगणकाच्या, पत्त्यावर पानाशी बोलतो. सही होत नसेल तर आधी घड्याळाजवळ त्याचं चिन्ह दिसतं का ते पाहावं. क्रोममध्ये चालतं पण फायरफॉक्समध्ये नाही, तर कारण बहुधा प्रमाणपत्राचं. फायरफॉक्स विश्वासू प्रमाणपत्रांची स्वतःची यादी वेगळी ठेवतो. विंडोजमध्ये घातलेलं प्रमाणपत्र तो आपणहून मानू लागला ते 2023 च्या अखेरीस, आवृत्ती 120 पासून. विंडोज 7 ची जुनी मशीनं फायरफॉक्सच्या आवृत्ती 115 वरच अडकली आहेत. तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत व्ह्यू सर्टिफिकेट्स, मग ऑथॉरिटीज आणि इम्पोर्ट, अशा क्रमाने हेल्परचं मूळ प्रमाणपत्र हाताने घालावं. घालताना वेबसाइट ओळखण्यासाठी विश्वास ठेवण्याची चौकट टिक केली नाही, तर प्रमाणपत्र यादीत दिसतं, सही मात्र होत नाही.

एखादं जुनं पान अजूनही अ‍ॅक्टिव्हएक्सच मागत असेल, तर मायक्रोसॉफ्ट एजच्या डिफॉल्ट ब्राउझर सेटिंगमध्ये आयई मोडची (जुन्या एक्सप्लोररसारखं पान चालवण्याची) परवानगी देऊन एज पुन्हा सुरू करावा. तिथे घातलेला पानाचा पत्ता 30 दिवस टिकतो. त्यानंतर पान अचानक बंद पडलं, तर काही नवं टाकत बसू नये, पत्ता पुन्हा घालावा.