इंग्रजीच्या वर्गातून रंगमंचावर : अमेरिकी लिबरल आर्ट्स कॉलेजातल्या नाट्यशिक्षणाची पार्श्वभूमी

कॉलेजचं नाटक म्हटलं की आपल्याला एकांकिका स्पर्धा आठवते. तास बुडवून केलेल्या तालमी, रात्र रात्र चाललेली नेपथ्याची ठोकाठोक, प्रयोगाला टाळ्या पिटायला लोटलेलं अख्खं कॉलेज. गुणपत्रिकेत मात्र यातलं काहीच उतरत नाही. अमेरिकेतही पूर्वी हेच चित्र होतं. आज तिथल्या छोट्या लिबरल आर्ट्स, म्हणजे एकाच विषयात न अडकवता अनेक विद्याशाखा शिकवणाऱ्या, कॉलेजांत नाटक हा अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्राइतकाच रीतसर मुख्य विषय आहे. चार वर्षांत नाटक घेणारा विद्यार्थी नाटकासोबत इतिहास, गणित, एखादी परकी भाषा असंही शिकतो. पण ‘नाटक करणं म्हणजे शिकणं’ ही गोष्ट प्राध्यापकांच्या गळी उतरायला फार वेळ लागला.

अडचण जुनी होती. यातली बरीच कॉलेजं चर्चच्या आश्रयानं उभी राहिली आणि प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, मंडळींना नाटकाचं वावडं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 1750 साली नाटकांवर कायद्यानंच बंदी आली. पुढे वातावरण सैल झालं तेव्हा नाटक शिरलं ते विद्यार्थ्यांच्या मंडळांतून. हार्वर्डच्या ‘हेस्टी पुडिंग’ मंडळानं 1844 मध्ये पहिलं नाटक केलं. स्त्रीभूमिका मुलगेच करत. बालगंधर्वांच्या मुलखात हे वेगळं समजावायला नको. पण हा सगळा वर्गाबाहेरचा मामला. वर्गात शेक्सपिअर होता तो कवी म्हणून, कागदावरचा.

वर्गाचं दार किलकिलं केलं ते हार्वर्डच्या जॉर्ज पिअर्स बेकर यांनी. त्यांचा नाट्यलेखनाचा वर्ग इंग्रजी विभागात ‘इंग्लिश 47’ या क्रमांकानं ओळखला जाई. लिहिलेली संहिता उभी करून पाहायची म्हणून त्याला जोडून ‘47 वर्कशॉप’ सुरू झालं. पुढे मोठे नाटककार झालेले यूजीन ओनील यांनी 1914-15 मध्ये त्यांच्याकडे धडे घेतले. पण नाट्यलेखनाची पदवी द्यायला हार्वर्ड तयार झालं नाही. अखेर एडवर्ड हार्कनेस यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीवर येल विद्यापीठात नाट्यविभाग उभा राहिला आणि 1925 मध्ये बेकर तिकडे गेले. तोवर पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमध्ये 1914 पासून नट-तंत्रज्ञ घडवणारा पदवी अभ्यासक्रम चालू होताच. व्यवसायाची वाट अशी आखली गेली.

दुसरी वाट त्याच वर्षी, 1925 मध्ये, व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात सुरू झाली. माझ्या मते खरी गोष्ट इथली आहे. अध्यक्ष हेन्री नोबल मॅक्रॅकन यांनी तिथं हॅली फ्लॅनागन यांना बोलावून घेतलं. बाई आयोवातल्या ग्रिनेल या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या विद्यार्थिनी. नवरा क्षयानं गेला, पुढे थोरला मुलगाही दगावला. त्या काळात त्या ग्रिनेलमध्ये शिकवत होत्या, मग बेकर यांच्या वर्कशॉपमध्ये वर्षभर राबल्या. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर त्या युरोपभर हिंडल्या, मॉस्कोत स्तानिस्लावस्की आणि मेयरहोल्ड या रशियन दिग्दर्शकांचं काम त्यांनी जवळून पाहिलं.

परत आल्यावर 1927 मध्ये त्यांनी जे केलं, ते आजही कुठल्याही नाट्यवर्गात करून पाहण्याजोगं आहे. चेखवचा ‘द प्रपोजल’ हा छोटा प्रहसनवजा खेळ. मागणी घालायला आलेला भावी नवरदेव आणि मुलगी एका कुरणाच्या मालकीवरून हमरीतुमरीवर येतात, मग कुत्र्यांवरून. फ्लॅनागन यांनी हाच खेळ एकाच संध्याकाळी लागोपाठ तीनदा केला : आधी वास्तववादी, मग अभिव्यक्तिवादी (मनातली खळबळ मुद्दाम विकृत रूपात दाखवणाऱ्या), शेवटी मेयरहोल्डच्या धर्तीच्या रचनावादी (यंत्रासारखा उघडा सांगाडा वापरणाऱ्या) शैलीत. शब्द तेच, भांडण तेच, पण प्रत्येक वेळी नाटक निराळं. शैली म्हणजे काय हे वर्षभराच्या व्याख्यानांतून जितकं कळलं नसतं तितकं त्या एका संध्याकाळी कळलं असणार. त्यांच्या ‘एक्स्पेरिमेंटल थिएटर’चं नावच सांगतं की विज्ञानाला प्रयोगशाळा तसा नाटकाला रंगमंच. मराठीत तर दोन्हीकडे शब्दही एकच, ‘प्रयोग’.

पुढचं पाऊल 1931 चं. आर्कान्सातल्या दुष्काळानं देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांवर त्यांनी मार्गारेट एलन क्लिफर्ड या माजी विद्यार्थिनीसोबत ‘कॅन यू हिअर देअर व्हॉइसेस?’ लिहिलं आणि व्हॅसारमध्ये केलं. दृश्यांच्या मध्ये पडद्यावर बातम्या आणि आकडे झळकत. मुलींना दुष्काळ समजून घेतल्याशिवाय हे नाटक करताच येणार नव्हतं, आणि लिबरल आर्ट्सचा मुद्दा नेमका इथंच आहे.

हॅरी हॉपकिन्स हे ग्रिनेलचेच, फ्लॅनागन यांच्या एक वर्ष मागचे. मंदीच्या काळात ते रूझवेल्ट सरकारात होते. 1935 मध्ये बेकार नाट्यकर्मींना काम देणारा ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ उभारायला त्यांनी कॉलेजातल्या या मास्तरीणबाईंना निवडलं. व्हॅसारमध्ये हाती लागलेलं तंत्र तिथं ‘लिव्हिंग न्यूजपेपर’, म्हणजे बातम्यांचंच नाटक, म्हणून देशभर गेलं. शेती, वीज, गरिबांची घरं असे विषय रंगमंचावर आले. विरोधकांना अर्थातच त्यात लाल रंग दिसला. डिसेंबर 1938 मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदेच्या डाइस समितीपुढे त्यांची उलटतपासणी झाली. त्यांच्या एका लेखात मार्लो या नाटककाराचा उल्लेख होता. सदस्य जो स्टार्न्स यांनी विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? ख्रिस्तोफर मार्लो हा शेक्सपिअरच्या लगेच आधीचा श्रेष्ठ नाटककार, अशी नोंद करून घ्या, असं बाईंनी सांगितलं. वर्गात शंभर वेळा सांगितलेलं वाक्य त्यांना तिथं उपयोगी पडलं. प्रकल्प मात्र वाचला नाही, 30 जून 1939 ला बंद झाला. त्या व्हॅसारला परतल्या आणि 1942 मध्ये स्मिथ कॉलेजात डीन झाल्या.

नंतरच्या दशकांत नाट्यविभाग कॉलेजागणिक इंग्रजीतून वेगळे होत गेले. दोन वाटांचा फरक राहिलाच : एकीकडे नटाचं कसून प्रशिक्षण देणारी बीएफए (ललित कलांतली पदवी), दुसरीकडे नाटकाबरोबर इतर चार गोष्टी शिकवणारी बीए. बीए करणाऱ्याला पुढे व्यवसायाची वाट बंद नसते. अभिनेत्री मेरिल स्ट्रीप 1971 मध्ये व्हॅसारमधून नाटकात बीए झाल्या, तिथं त्यांनी स्ट्रिंडबर्गची ‘मिस ज्युली’ केली होती, आणि त्यानंतर एमएफएला (ललित कलांतल्या पदव्युत्तर पदवीला) गेल्या त्या येलला, बेकर यांच्या विभागात. नाटककार-संगीतकार लिन-मॅन्युएल मिरांडा वेस्लियन या लिबरल आर्ट्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना ‘इन द हाइट्स’ हे संगीत नाटक लिहू लागले.

व्हॅसारचा नाट्यविभाग अनेक वर्षं एव्हरी हॉलमध्ये होता. मुळात ती इमारत मुलींच्या घोडेस्वारी आणि व्यायामासाठी बांधलेली. 2003 मध्ये तिथं नाटक आणि चित्रपटाचं नवं केंद्र उभं राहिलं, पण एव्हरीची दर्शनी भिंत पाडली नाही. आजही विद्यार्थी तालमीला जातात ते त्याच भिंतीमागे.