पेपर वेगळा, कागद वेगळा

ऑगस्टच्या पावसात आमच्या सांगलीत दोन प्रकारची माणसं सापडतात. काही टीव्हीसमोर बसून 'कृष्णेचं रौद्ररूप' बघत असतात. काही छत्री घेऊन आयर्विन पुलापर्यंत जातात, फुटांचे रंगवलेले आकडे बघतात आणि घरी येऊन सांगतात, "36 झालंय. कोयनेतनं सोडलेलं अजून पोचायचंय." 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हापासून तर जास्तच.

टीव्हीवर बघितली ती बातमी, पुलावर वाचली ती माहिती. बोलताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो. 'अमुक देशात पेपर भरपूर, म्हणजे तिथल्या लोकांना सगळं कळतं', असा हिशेब करून मोकळे होतो. पण बातमी दुसऱ्या कुणीतरी निवडलेली असते आणि ती आपल्या दारात येते. सरकारी माहिती कपाटात पडून असते, तिच्या दारात आपल्याला जावं लागतं. छापायची मुभा हा एक हक्क झाला, कपाट उघडायला लावणं हा दुसरा. एक असला की दुसरा असतोच असं नाही.

ऑस्ट्रिया बघा. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसात आजही लाकडी दांड्यांना अडकवलेले पेपर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले असतात. एक कॉफी मागवा आणि निवांत वाचत बसा. 1703 साली सुरू झालेलं 'वीनर त्साइटुंग' तिथलंच. त्याची रोजची छापील आवृत्ती 2023 मध्ये थांबली. आणि याच देशात सरकारी गोपनीयता थेट राज्यघटनेत लिहिलेली होती, 1925 पासून! ती काढून माहितीचा हक्क देणारा कायदा लागू झाला 1 सप्टेंबर 2025 ला. आपला लागू झाला 12 ऑक्टोबर 2005 ला, महाराष्ट्राचा स्वतःचा तर 2002 मध्येच आला होता. म्हणजे कॉफीबरोबर फुकट पेपर वाचणाऱ्या माणसाला जे मागता येत नव्हतं, ते आमच्या गावभागातला माणूस 20 वर्षं आधीपासून 10 रुपयांत मागत होता. जपानचंही थोडंफार तसंच. घरोघर पेपर टाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, पण तिथला माहितीचा कायदा लागू झाला 2001 मध्ये.

स्वीडननं मात्र हे दोन्ही हक्क एकाच कायद्यात बसवले, तेही 1766 मध्ये. छपाईवरची सेन्सॉरशिप काढली आणि सरकारी दप्तरही लोकांना खुलं केलं. तिथं आजही कागद मागणाऱ्याला नाव सांगावं लागत नाही, कशाला हवा तेही नाही. आपल्याकडे कारण विचारता येत नाही, एवढं कायदा म्हणतो. नाव-पत्ता द्यावाच लागतो. गावात कुणी कुणावर अर्ज टाकला हे चहा निवायच्या आत पसरतं, तेव्हा हा फरक लहान वाटत नाही.

देशांच्या क्रमवाऱ्या वाचतानाही हाच घोटाळा होतो. माध्यम स्वातंत्र्याच्या 2025 च्या यादीत 180 देशांत नॉर्वे पहिला, भारत 151 वा. माहिती अधिकाराच्या कायद्यांना गुण देणारी यादी निराळी आहे. तिथं भारत बराच वर दिसतो, आणि अफगाणिस्तानचा कायदा कित्येक वर्षं पहिल्या नंबरावर होता. तिथं गुण कायद्याच्या मजकुराला मिळतात. अर्जाला उत्तर येतं का, हे त्यात मोजलेलं नसतं.

माझा स्वतःचा घोटाळा याहून साधा होता. आमच्या भागातल्या रस्त्याचं काम पूर्ण झाल्याची चौकट पेपरात आली, फोटोसकट. आमच्या टोकाला मात्र मुरूमच होता. मी तिरीमिरीत कोर्ट फी स्टँप लावून अर्ज दिला: 'आमच्या घरापुढचा रस्ता का केला नाही?' 28 व्या दिवशी उत्तर आलं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.'

चहाच्या टपरीवर एका निवृत्त ओव्हरसियरना ते पत्र दाखवलं. ते हसलेच. "अण्णा, 'का' विचारायचं न्हाई. कागद मागायचा. वर्क ऑर्डर, इस्टिमेट आणि एमबी."

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. काम झालं की किती लांब, किती रुंद, किती जाड हे त्यात लिहितात आणि त्यावरून बिल निघतं. कायद्याच्या भाषेत माहिती म्हणजे नोंदीत जे आहे ते. न लिहिलेलं कारण शोधून द्यायला अधिकारी बांधील नाही. पण हाच कायदा चालू कामाची पाहणी करू देतो, साहित्याचा नमुनाही घेऊ देतो, म्हणजे खडी-डांबरसुद्धा. आणि कलम 4 प्रमाणे बरीच माहिती कुणी न मागताच मांडून ठेवायची असते. त्या हिशेबानं पुलावरचे आकडे मला फार आवडतात. अर्ज नाही, स्टँप नाही, मान वर केली की दिसतं.

दुसऱ्या अर्जाला 6 पानं मिळाली, 2 रुपये पानाप्रमाणे 12 रुपयांत. एमबीतली लांबी पिठाच्या गिरणीसमोरच्या विजेच्या खांबापाशी संपत होती. वर्क ऑर्डरही तिथवरच. आमचं घर खांबापासून चौथं. काम पूर्ण झालं होतं, पेपरातली बातमी शब्दन् शब्द खरी होती. आमची गल्ली त्या कामात कधी नव्हतीच. आता तिसरा अर्ज लिहितोय: अंदाजपत्रकाची हद्द खांबापाशी ठरवणाऱ्या टिपणीची प्रत मिळावी.