सिरियल केबल : अंतर व वेग यांच्या मर्यादा

माहितीचे बिट एकामागून एक वाहून नेणारी केबल किती लांब असावी आणि तिच्यावरून किती वेगाने माहिती पाठवावी, यांवरील बंधने. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील कारखान्यांत संगणकावरून सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राकडे प्रोग्रॅम पाठवताना आणि साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर ही बंधने रोजच्या कामात जाणवतात.

अशा सिरियल जोडणीसाठीचे आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत आले. त्याच्या १९६९ च्या आवृत्तीत सुमारे १५ मी. (५० फूट) लांबीपर्यंतची केबल सुचवलेली असून वेगाची मर्यादा सेकंदाला २०,००० बिट आहे. ‘पंधरा मीटरच्या पुढे केबल चालत नाही’ हा समज त्यातूनच रुजला, पण तो अर्धवट आहे. खरी अट एकूण धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) २,५०० पिकोफॅरडच्या आत ठेवण्याची आहे. तारांची जोडी लहानशा धारित्रासारखी वागते. प्रत्येक बिटाला ती भारित व्हावी लागते, त्यामुळे लांबी वाढेल तशा संकेताच्या उभ्या कडा तिरप्या होत जातात. मीटरला ५० पिकोफॅरड धारितेची चांगली केबल घेतली, तर याच हिशेबाने ४०-४५ मी. अंतर सहज गाठता येते.

वेगाचा संबंधही येथेच येतो. ९,६०० बॉडला (येथे सेकंदाला ९,६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, १,१५,२०० बॉडला जेमतेम ८.७. तिरप्या कडेत गेलेला एखादा मायक्रोसेकंद ९,६०० बॉडच्या बिटाला जाणवतही नाही, १,१५,२०० बॉडच्या बिटाचा मात्र सुमारे नववा हिस्सा खातो. म्हणून लांब केबलवर अडचण आली की अनुभवी तंत्रज्ञ आधी बॉड रेट उतरवून पाहतो.

फाउंड्रीच्या आवारात धारितेपेक्षा अर्थिंगच अधिक त्रास देते. आरएस-२३२ मध्ये प्रत्येक संकेत सामाईक ग्राउंडच्या (शून्य पातळी मानलेल्या तारेच्या) तुलनेत मोजला जातो आणि संकेत घेणाऱ्या टोकाला किमान ३ व्होल्ट लागतात. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये फरक असेल, किंवा केबल मोटारीच्या वायरींबरोबर एकाच ट्रेमधून नेली असेल, तर दहा मीटरवरही प्रोग्रॅममधला एखादा अंक बदलून पोहोचतो. पॅरिटी तपासणीत (प्रत्येक अक्षरातील १ या बिटांची संख्या सम की विषम हे पाहण्यात) तो पकडला गेला तर यंत्र अलार्म देऊन थांबते. एकाच अक्षरातले दोन बिट उलटले, तर मात्र चूक पॅरिटीतून निसटते.

अशा ठिकाणी १९८३ चे आरएस-४८५ मानक वापरणे श्रेयस्कर. त्यात पीळ दिलेल्या दोन तारांमधील विद्युत दाबाचा फरक मोजतात. दोन्ही तारांवर सारखाच आलेला गोंगाट त्यामुळे बव्हंशी वजा होतो. सेकंदाला एक लाख बिट वेगाने सुमारे १,२०० मी. अंतर मिळते, मात्र दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक हवेत.

वजनकाट्याचे गणित सोपे आहे. काट्यापासून काटाघरातील संगणक काही मीटरवरच असतो आणि वजनाचे मोजके अंक पाठवायला २,४०० बॉडही पुरतात. बैलगाडीवाल्याला दुरून दिसेल असा मोठा डिस्प्ले लांब बसवायचा असला, तरच २० मिलिअँपिअर करंट लूप (बिट विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवणारी जोडणी) किंवा आरएस-४८५ वापरावे लागते.