खिडकीतून जाळीघरात: घरात मांजर असणाऱ्यांसाठी माहिती

फ्लॅटमधल्या मांजराला ऊन हवं असतं, वारा हवा असतो आणि समोरच्या पत्र्यावरची कबुतरं तासन्‌तास बघायची असतात. पण उघडी खिडकी जीवघेणी ठरू शकते. मांजर पायांवर उतरतं हे खरं. तरी उंचावरून पडल्यावर जबडा, छाती, पाय यांना जबर मार बसतो. म्हणून खिडकीबाहेर जाळीघर, म्हणजे मांजराला बसायला चारही बाजूंनी जाळीने बंद केलेली जागा. आम्ही ती बसवून देतो.

ग्राहक आधी जाळीचं विचारतात, आम्ही आधी खिडकी बघतो. मांजराची खरी वाट तीच. स्लायडिंग खिडकीचं शटर थोडं सरकवून मोकळ्या जागेत आम्ही पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे मजबूत प्लास्टिकचं, उभं पॅनेल बसवतो आणि त्यात झडपेचं छोटं दार. पॅनेल ट्रॅकमध्येच बसतं, भिंत फोडावी लागत नाही, भाड्याचं घर सोडताना काढून नेता येतं. शटर अर्धवट उघडं राहिलं की दोन काचांमध्ये फट पडते आणि डास आत येतात; तिथे ब्रशपट्टी लावून घ्याच. शटर सरकू नये म्हणून लॉकही हवं.

झडप दोन्ही बाजूंनी उघडणारी असावी. दुपारच्या उन्हात मांजर बाहेर अडकलं तर त्याचे हाल होतात, म्हणून आत यायची वाट कायम मोकळी ठेवा. सुरुवातीला झडप वर बांधून ठेवा, पलीकडे खाऊ ठेवा. ढकलू मात्र नका. एकदा धसका घेतला की ते त्या दाराकडे फिरकत नाही.

कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पुरत नाही. उन्हाने ती कमकुवत होते, मांजर दातांनी कुरतडतं. आम्ही एक इंची चौकोनाची, वेल्ड केलेली स्टीलची जाळी वापरतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत 304 या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवर तांबूस डाग धरतात. तिथे 316 प्रतीचं घ्या. महाग पडतं, पण टिकतं.

छताला उतार हवा, नाहीतर पावसाचं पाणी साचतं. आगीच्या वेळी बाहेर पडता यावं म्हणून जाळीला घरातून उघडणारं दार ठेवतोच. ते नको म्हणाल तर आम्ही काम घेत नाही. सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

जाळीघरात लिलीची कुंडी अजिबात नको, तिचे परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतात. त्याऐवजी गहू पेरा, कोवळी पाती ते आवडीने खातं.

मोजमापाला येऊ तेव्हा मांजराला दुसऱ्या खोलीत बंद ठेवा. आम्हाला खिडकी पूर्ण उघडावी लागते.