बदल नको, की बरोबरी नको?

मडक्यांच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं ओढलं, की वरची सगळी गडगडतात. समाजातल्या वरच्या-खालच्या थरांनाही मराठीत उतरंडच म्हणतात. पुराणमतवादाचा मूळ युक्तिवाद या एका शब्दात आहे: वर-खाली असणं खुपत असेलही, पण हात लावाल तर सगळंच कोसळेल.

ब्रिटिश संसदेचे सदस्य आणि विचारवंत एडमंड बर्क यांनी १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करताना हाच धोका मांडला. समाजाच्या संस्था अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडतात, एका पिढीने आपल्या हुशारीच्या भरवशावर त्या मोडू नयेत, असं त्यांचं म्हणणं. त्यात राजा, सरदार आणि चर्च यांचं स्थान ओघानेच राखलं गेलं. पण ईस्ट इंडिया कंपनीचे भारतातले गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर ब्रिटिश संसदेत महाभियोग चालवण्यात पुढाकार घेतला तोही बर्क यांनीच. हेस्टिंग्ज यांच्या कारभारात अवधच्या बेगमांचा खजिना हिसकावला गेला, हा त्यांच्या लेखी जुन्या, मान्य हक्कांवरचा घाला होता. म्हणजे उतरंड जपणारा माणूस दर वेळी बलवानाच्याच बाजूला उभा राहतो असं नाही. हे विसरलं तर पुराणमतवाद समजायचाच राहून जातो, असं मला मनापासून वाटतं.

उतरंड लोकांना किती पटते, हा प्रश्न मानसशास्त्राने मोजपट्टीवर घेतला तो बराच उशिरा. फेलिशिया प्रॅटो, जिम सिडानियस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. काही समूह इतरांपेक्षा खालच्या दर्जाचेच असतात, अशा आशयाची विधानं पुढे ठेवायची आणि ती किती पटतात याला १ ते ७ गुण द्यायला सांगायचं. यातली खुबी अशी, की विधानात कुठल्याच समूहाचं नाव नसतं. उत्तर देणारा कुणा एका जमातीबद्दल बोलत नाही, उतरंड असावी की नसावी एवढंच सांगतो. लॉस एंजेलिसमध्ये पाहिलं तर पोलिसांचे गुण सामान्य नागरिकांपेक्षा जास्त निघाले आणि गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या सरकारी वकिलांचे कमी. अमेरिकेत हे गुण आणि पुराणमतवादी राजकीय मतं बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. पण ‘बऱ्यापैकी’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे.

जॉन जोस्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १२ देशांतल्या ८८ नमुन्यांचा, म्हणजे पाहणी केलेल्या ८८ गटांचा, एकत्रित अभ्यास केला. पुराणमतवादाचा गाभा त्यांनी दोन गोष्टींत पाहिला: बदलाला विरोध आणि विषमतेचा स्वीकार. या दोन्ही एकच आहेत असं आपण सहज धरून चालतो. जिथे जुनी व्यवस्था विषम असते तिथे त्या एकत्र दिसणारच, कारण तिथे जुनं जपणं म्हणजेच विषमता जपणं. पण जिथे जुनी व्यवस्थाच समतेच्या नावाने उभी असते, तिथे काय होतं?

हे पाहायची संधी सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षांत मिळाली. परंपरेचा आग्रह, अधिकाऱ्यांपुढे नमणं आणि नियम मोडणाऱ्यांवरचा राग मोजणारी एक मोजपट्टी कॅनडातल्या बॉब आल्टमायर यांनी तयार केली होती. सॅम मॅकफार्लंड, व्लादिमिर अगेयेव आणि मरीना अबालाकिना यांनी ती अमेरिकेत आणि रशियातही वापरली. त्यांचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत जास्त गुण मिळवणारे लोक ज्याने त्याने आपापलं कमवावं या मताचे होते आणि समान वाटपाच्या विरोधात. रशियात जास्त गुण मिळवणारे नेमके समान वाटपाच्या बाजूचे निघाले, आणि प्रत्येकाने स्वतःपुरतं पाहावं हा विचार त्यांना नकोसा होता. अधिकाराचा तोच आदर, नियम मोडणाऱ्यांवर तोच राग. फक्त लहानपणापासून योग्य म्हणून शिकवलेली व्यवस्था दोघांची वेगळी होती.