स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी आणि कोर्टाची डिक्री

पाचशेचा स्टॅम्प, दोघांच्या सह्या, दोन्हीकडच्या मामांची साक्ष आणि नोटरीचा शिक्का. एवढ्यावर कोल्हापुरात अनेक घरांत ‘झाला घटस्फोट’ म्हणून मोकळे होतात. कायद्याने ते लग्न तसंच उभं असतं. नोटरी सही कुणाची ते पाहतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद. काही समाजांतली काडीमोडाची जुनी रूढी हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) मानतं, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते.

दोघं राजी असतील तर डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, मिळते ती त्याच कायद्याच्या कलम १३ ब खाली, परस्पर संमतीने. कुणाचा दोष दाखवावा लागत नाही. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. एकाच घरात राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तरी ते धरतात. वकिलाची सक्ती नाही. उलट कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, असं १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ सांगतं. लग्न कोल्हापुरात झालं असेल किंवा शेवटचा संसार इथे असेल, तर अर्ज इथे चालतो. बायको सध्या इथे माहेरी राहत असली तरी चालतो.

लग्नाचा दाखला, आधार, फोटो, प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रं जमतात. माहेरचं-सासरचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असेल, तर अर्जात दोन्ही लिहा.

घोळ होतो तो अटींत. ‘दागिने ठरल्याप्रमाणे देणे’ या ओळीला काही अर्थ नाही. ‘चार तोळ्यांचं गंठण, दोन तोळ्यांच्या पाटल्या, अमुक तारखेला, कोर्टासमोर’ असं लिहा. पोटगीची एकरकमी रक्कम डिमांड ड्राफ्टने, आणि मोठा हिस्सा शेवटच्या जबाबाच्या दिवशीच द्यावा. कारण डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मुलाचा ताबा, सुट्टीतल्या भेटी, शाळेची फी हेही इतकंच नेमकं हवं.

कोर्टाच्या समुपदेशकांकडे बसणं चुकत नाही. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. वेगळं राहून अर्जाआधीच दीड वर्ष झालं असेल आणि देणंघेणं मिटलं असेल, तर सहा महिने माफ करण्याचा अर्ज पहिल्या तारखेनंतर आठवड्याने देता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा अमरदीप सिंग निकाल त्यासाठीच जोडतात.

सासरच्या छळाची फिर्याद (पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) असेल तर ती डिक्रीने आपोआप संपत नाही. ती रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच असल्याने मुंबईची फेरी वाचली.

आणि तो स्टॅम्प फाडू नका. वेगळं राहायला कधी लागलात, हे दाखवायला त्यावरची तारीख उपयोगी पडते.